पौषात झाडं बघणारे गार्डसाहेब

फळ चाखून झाड निवडणाऱ्या माणसाची गार्डसाहेबांना कीव येई. दौंडच्या बाजारात कुणी बोरं चोखून बघत "ह्याचं रोप मिळंल का?" असं विचारताना दिसलं, की ते काठी टेकत थांबायचे, त्याच्याकडे डोकं हलवत बघायचे आणि पुढं निघायचे. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "पगाराच्या दिवशी समदीच माणसं दिलदार असत्यात, भाऊसाहेब. माणूस बघायचा तर महिनाअखेरीला. आन् झाड बघायचं तर पौषात, सकाळच्या पारी, गारठा मावळायच्या आत."

भाऊसाहेब म्हणजे मी. तलाठ्याला खेड्यात भाऊसाहेबच म्हणतात, मग त्याला मिसरूड धड फुटलेली नसली तरी. शिरूरकडून माझी बदली दौंडजवळच्या भीमाकाठच्या चार गावांवर झाली, तेव्हा मी पंचविशीत होतो. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सायकल नवी होती, आणि सातबाऱ्यावर जे लिहिलंय त्यापलीकडे जगात काही नाही अशी माझी खात्री होती.

गार्डसाहेब मालगाडीवर गार्ड होते. एका शंटिंगमध्ये उजवा पाय कायमचा अधू झाला आणि रेल्वेनं त्यांना वेळेआधीच घरी पाठवलं. रेल्वे सुटली, पण तिचा काळा कोट काही सुटला नाही. चैत्रात, अंगाची लाही होत असताना, माणूस कोट घालून आळी खणायचा. वरच्या खिशात शिट्टी असायची. चहा हवा असला की बांधावरून शिट्टी मारायचे. झोपडीतून त्यांच्या मंडळी ताटली वाजवून उत्तर द्यायच्या. एकदा वाजवली तर चहा आहे, दोनदा वाजवली तर दूध संपलंय. गावातली माणसं ह्या प्रकाराला हसत. मीही हसलो होतो, ते कबूल करतो.

झाडांचा नाद त्यांना मालगाडीनंच लावला. मनमाडच्या लाइनीवर सिग्नल मिळेपर्यंत मालगाडी कुठंही तास-दोन तास उभी राही. गार्डाचा डबा सगळ्यात मागं, म्हणजे स्टेशनपासून लांब, रानात. इंजिनवाल्याला निदान फायरमन गप्पांना असे. ह्यांना कुणी नसे. मग हे खाली उतरत आणि समोर जे झाड असेल ते बघत बसत. असं बावीस वर्षं. काष्टीच्या अलीकडं कुठल्या बोरीचं पान थंडीनं करपतं आणि कुठलीचं करपत नाही, हे त्यांना पोराबाळांच्या दुखण्यांसारखं पाठ होतं.

आणि नेमकी जमीन मिळाली ती गारठ्याची. भूमिहीन म्हणून त्यांच्या थोरल्या भावाला सरकारनं एक एकर पड दिली होती. भाऊ वारला आणि ती ह्यांच्याकडे आली. गावात त्या तुकड्याला 'गारठण' म्हणत. नदीच्या अंगाला खोलगट, तिन्ही बाजूंनी उंच. हिवाळ्यात चहूकडची थंडी उतरून तिथं मुक्कामाला यायची. गावात लोक सदऱ्यावर फिरत, तेव्हा गारठणीत तोंडातून वाफा निघत. कुणालाच नको होती म्हणून तर ती बौद्धवाड्यातल्या माणसाच्या वाट्याला आली होती. अट अशी, की ताबा घेतल्यापासून तीन वर्षांत जमीन लागवडीखाली आली पाहिजे, नाहीतर सरकारजमा. ती लागवडीखाली आहे की नाही हे दरसाल लिहिणारा माणूस मी.

पहिल्या भेटीत ते मला "जयभीम, भाऊसाहेब" म्हणाले. मी "नमस्कार" म्हणालो आणि लगेच सल्ला देऊन मोकळा झालो. "केळी लावा. झटपट वाढते, हिरवीगार दिसते. पाहणीला आलेल्या माणसाला लांबून दिसलं पाहिजे."

त्यांनी विचारलं, "गारठ्यात केळ?"

"अहो, सगळीकडे येते."

शिकलेला माणूस सांगतोय म्हणून त्यांनी लावली. पौष लागला आणि पंधरा दिवसांत केळीची पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबायला लागली. एकही वाचली नाही. एक वर्ष गेलं. मी पीकपाहणीत 'पड' लिहिलं, कारण दुसरं लिहिण्यासारखं तिथं काही नव्हतं. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. मात्र त्यांची एक वही होती, तिच्यात मी पुढं एकदा डोकावलो. तिथं सुवाच्य अक्षरात नोंद होती : 'भाऊसाहेबांची केळी. पौषात गेली.'

शेजारी एका मोठ्या बागाईतदाराचा ऊस होता. मला बघितलं की ते हाक मारून साईचा चहा पाजत. "भाऊसाहेब, त्या खड्ड्यात काय उगवणार? दरसाल पड लिवा आन् मोकळं व्हा. सरकारजमा झाली की आम्ही मागून घेतो, तुमचाबी हेलपाटा वाचंल." चहा चांगला असायचा. मी मान डोलवायचो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचो.

केळी गेली त्याच थंडीत गार्डसाहेब कामाला लागले ते स्वतःच्या पद्धतीनं. त्यांनी शाळेतून शाईच्या रिकाम्या दौती मागून आणल्या, आठ. प्रत्येकीत खोबरेल तेल ओतलं, बुचं लावली आणि गारठणीत आठ ठिकाणी खुंट ठोकून त्यांना त्या बांधल्या. हिवाळ्यात खोबरेल थिजतं हे घराघरात माहीत असतं. सकाळी आंघोळीआधी बाटली चुलीपाशी ठेवावी लागते. हे रोज कोट घालून, हातात रेल्वेचं घड्याळ घेऊन खुंटाखुंटाशी उभे राहायचे आणि कुठलं तेल किती वाजता पातळ झालं ते लिहायचे. वहीत रकाने आखलेले : ठिकाण, सुटण्याची वेळ, उशिराचं कारण.

"तीन नंबर आज धा पंचावन्नला सुटलं," ते मला गंभीरपणे सांगत. "उशीर झाला. वरल्या अंगाच्या बाभळीची सावली."

लोक बांधावर बसून मजा बघत. एक जण तर रोज विचारायचा, "गार्डसाहेब, पाच नंबर फलाटावर कवा लागतीया?" ते वेळ सांगत. अगदी खरी वेळ सांगत, न चिडता. त्यांच्या मंडळी मात्र वैतागल्या होत्या. "डोक्याला लावाय तेल न्हाई घरात आन् ह्यांनी खुंटाला बांधलंय!" असं त्या मला ऐकवायच्या, जणू मीच बांधलं होतं.

पण त्या एका हिवाळ्यात गारठणीतली थंडी कुठून येते, कुठं साठते आणि कुठून आधी उठते, हे त्या माणसाला हातावरच्या रेघांसारखं कळलं. वरच्या अंगाला दोन तास आधी तेल सुटतं, तिथं सीताफळ. तळाला सगळ्यात उशिरा सुटतं, तिथं बोर. दुसरं काहीही नाही. आंबा नाही, चिकू नाही, आणि केळ तर नाहीच. राहिला प्रश्न, कुठलं सीताफळ आणि कुठली बोर.

सीताफळाच्या बिया त्यांनी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूच्या एका ओढ्यातून आणल्या. बोरीसाठी मात्र ते मला बरोबर घेऊन गेले. का, ते अजून मला कळलेलं नाही. पौषातली सकाळ, दौंडहून पहिली गाडी, काष्टीला उतरून रुळाच्या कडेनं दोन मैल. पाय ओढत ते पुढं, कुडकुडत मी मागं. एका घळीत बोर उभी होती. वाकडी, मध्यम, बोरांनी लगडलेली. मालकीणबाई म्हातारी होती. तिनं ओच्यातली बोरं पुढं केली. "खाऊन तर बघा, पाव्हणं!"

"न्हाई मावशी. झाडाशी काम हाय." ते झाडाभोवती तीन वेळा फिरले. पानं उलटी करून बघितली, वाळक्या काटक्या मोजल्या, खोडाला तळहात लावून उभे राहिले. मी तोवर मूठभर बोरं खाल्ली. आणि खरं सांगायचं तर ती बेताचीच होती.

"गार्डसाहेब, पाणचट आहेत हो. बाजारात ह्याच्या दुप्पट गोड मिळतात."

"असतील."

"मग त्यांचीच कलमं करा की."

त्यांनी खोडावरचा हात न काढता सांगितलं, "गोडी वाढवता येती, भाऊसाहेब. शेणखत घाला, पाणी येळंला तोडा, वाढती. सोसणं वाढवता येत न्हाई. ते आसतं न्हाईतर नसतं."

त्या वाक्यावर मी परतीच्या वाटेवर बराच विचार केला. नोकरीत मला खूप भाषणं ऐकावी लागली, त्यातलं एकही आता आठवत नाही.

पुढल्या आषाढात ते त्याच झाडाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. वर्षापूर्वी पेरलेल्या जंगली बोरींवर त्यांनी त्या काड्यांचे डोळे भरले. साल अलगद उचलायची, आत डोळा बसवायचा, पट्टीनं बांधायचं. पट्टीसाठी त्यांनी मंडळींचं जुनं लुगडं फाडलं आणि दोन दिवस शिट्टीला उत्तर आलं नाही. सगळी मिळून अठ्ठेचाळीस झाडं लावली. जी मेली त्यांच्या जागी दुसरी लावली नाहीत. वहीत मेल्याची तारीख लिहिली आणि आळं तसंच ठेवलं.

कोवळ्या झाडांना फुलं आली की ते ती खुडून टाकत. तरी एका बोरीला पानाआड चार बोरं धरली. त्यातलं एक खाली पडलेलं मी उचलून तोंडात घालणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. खरोखरची चापट! सरकारी नोकराला!

"पडल्यालं खायचं न्हाई हितं."

 त्यांनी काठीनं फांदी वाकवली, वरचं एक बोर तोडलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ल्हानपणी ह्या गावात आमाला झाडाला हात लावायची बंदी. जे खाली पडंल ते येचायचं, तेबी मालकाचं पोरगं 'घे' म्हनल्यावर. माझ्या बागंत पडल्यालं फळ पाखराला. माणसाला तोडूनच."

 माझ्या घरी परसात पेरू होता आणि पडलेले पेरू कोण नेतं हे मी कधी बघितलंही नव्हतं. मला त्या दिवशी माझीच लाज वाटली, आणि त्यानंतर बागाईतदारांच्या चहाला मी काही ना काही निमित्त सांगू लागलो.

तिसरं वर्ष संपत आलं. चैत्राच्या शेवटी निरोप आला, की सर्कलसाहेब, म्हणजे आम्हा तलाठ्यांवरचे अधिकारी, गारठण बघायला येणार. चैत्रच का, हे कळायला मला उशीर लागला नाही. अर्ज बागाईतदारांचा होता. बोर उन्हाळ्याच्या तोंडाला पान गाळते, सीताफळ त्याच्याही आधी गाळतं. जी झाडं थंडीला बधली नव्हती, ती ह्या दिवसात नुसत्या काड्या होऊन उभी होती. एक पान म्हणून नाही. आदल्या दिवशी मी सायकल दामटत गेलो.

"साहेबांचं म्हणणं, एकरात चाळीस जिवंत फळझाडं असली तर लागवड धरायची. नसली तर पड. तुमची किती आहेत?"

"एकोणचाळीस." वही बघायचीही गरज पडली नाही.

 "गार्डसाहेब, सगळ्याच काड्या दिसतायत. एक काडी जास्त रोवा. कुणाला कळणार आहे?"

ते आळ्यातली ढेकळं फोडत होते. हात थांबला नाही. "भाऊसाहेब, तुमी केळीबी सांगितली व्हती."

मी सायकलला टांग मारली आणि परत आलो. त्या माणसाची एक एकर माझ्या केळीपायी एक वर्ष मागं पडली होती, नाहीतर झाडं साठ असती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

सकाळी दहाला सर्कलसाहेब आले. तापट माणूस, धोतराचा सोगा हातात धरून चालणारा. बागाईतदार बरोबर होतेच. बांधावर अर्धं गाव, आणि झोपडीच्या दारात गार्डसाहेबांच्या मंडळी पदर तोंडाला लावून उभ्या.

"काड्या रोवल्यात, साहेब," बागाईतदार म्हणाले. "बघा की! सरपण हाय समदं."

साहेबांनी गार्डसाहेबांकडे बघितलं. गार्डसाहेब पहिल्या झाडापाशी गेले, वाकले आणि अंगठ्याच्या नखानं सालीवर तिळाएवढा ओरखडा काढला. खाली हिरवंगार.

"एक," ते म्हणाले.

दुसरं झाड. नख. हिरवं. "दोन." अधू पायानं प्रत्येक झाडाशी वाकायचं, उठायचं, कोटाची बाही सारखी करायची. साहेब मागं, मी कागद धरून त्यांच्या मागं. पंधराव्या झाडापर्यंत बांधावर कुजबुज होती. नंतर ती थांबली. तिसाव्या झाडाशी त्यांच्या गुडघ्यातून कट्‌कन आवाज आला, तो मला ऐकू आला. साहेब म्हणाले, "राहू दे, मी बघतो." "न्हाई," एवढंच उत्तर. एकोणचाळिसावं झाड. नख. हिरवं. "एकोणचाळीस. झालं."

आणि ते शेजारच्या एका बोरीला वळसा घालून पुढं निघाले.

"हे का सोडलं?" साहेबांनी विचारलं.

"ते धरू नका, साहेब. डोळा गेलाय पौषात."

साहेब खाली बसले. वरची काडी वाळून कोळ झाली होती. पण बुडाशी, मातीतून वर येताच, एक लालसर कोंब फुटलेला. साहेबांनी तो बोटानं चाचपला आणि हात झटकला. काटा रुतला होता.

"जिवंत आहे की!"

"जंगली हाय. खालच्या मुळीचा फुटवा. म्या निवडल्यालं न्हाई ते."

मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. चाळिसावं झाड समोर उभं, साहेब स्वतःहून मोजतायत, आणि हा माणूस वाद घालतोय!

"तो सोताच न्हाई म्हणतोय, साहेब," बागाईतदार पुढं सरसावले. "एकोणचाळीसच लिवा."

साहेबांनी बोटावरचं रक्त चोखलं आणि त्यांच्याकडे वळून करवादले, "मला जिवंत झाडं मोजायची आहेत. कुणी निवडली ते विचारायला आलो नाही मी! भाऊसाहेब, लिहा. चाळीस."

"साहेब," गार्डसाहेब म्हणाले, "एक जंगली म्हणून लिवा. लबाडी नको."

 साहेब खांदे उडवून म्हणाले, "लिहा बाबा. एकोणचाळीस फळझाडे, एक जंगली बोर, एकूण चाळीस जिवंत. जमीन लागवडीखाली. आणा इकडे, सही करतो."

सही झाली. बागाईतदार उसात शिरले. झोपडीच्या दारातून ताटलीचा आवाज आला, एकदा नाही, दोनदा नाही, ती वाजतच राहिली. मी गार्डसाहेबांकडे बघितलं. वाटलं होतं, आता तरी हसतील. ते त्या जंगली बोरीकडे बघत होते, आणि चेहरा असा, जणू काहीतरी उसनं घेतलंय.

श्रावणात, धो धो पावसात, ते चार गावांच्या मिळून असलेल्या चावडीवर आले. ह्या चावडीच्या पायऱ्यांखाली त्यांच्या वडिलांनी उभं राहून वर्षं काढली होती. हे भिजल्या कोटानं पायऱ्या चढून सरळ आत आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले.

"चाळीस करा."

"काय?"

"जंगली बोर खोडा, चाळीस फळझाडं लिवा. आषाढात डोळा भरला व्हता. धरला."

मी म्हणालो, "गार्डसाहेब, जमीन तुमची झाली. आता ते एकोणचाळीस असोत नाहीतर चाळीस, कुणाला काय फरक पडतो?"

"तुमाला न्हाई पडत. मला पडतो." ते पुढं झुकले. कोटाचं पाणी माझ्या कागदांवर ठिबकलं. "एकोणचाळिसावर जमीन जाणार व्हती, चाळिसाव्यावर ऱ्हायली. ज्या झाडावर माझी जमीन ऱ्हायली, ते झाड माझं असाया पायजे. मेहरबानीचं नको. चला."

सायकल चिखलात चालत नव्हती. चार मैल आम्ही चालत गेलो. त्यांच्या पायानं तीन तास लागले. त्या बोरीपाशी त्यांनी पट्टीखाली बोट दाखवलं. बसवलेल्या डोळ्यातून वीतभर फूट निघाली होती, काष्टीच्या झाडासारखीच गोल पानांची. मी ओणवा होऊन ती बघितली. पाऊस मानेवरून आत जात होता. मी म्हणालो, "चाळीस." त्यांनी मान हलवली, कोटाच्या गुंड्या लावल्या आणि प्रथमच माझ्याशी हात मिळवला.

चावडीवर परत येऊन मी 'एक जंगली बोर' हे शब्द खोडले, वर 'चाळीस फळझाडे' लिहिलं आणि बाजूला सही केली. तलाठ्यानं अशी परस्पर खाडाखोड करायची नसते. पुढल्या तपासणीत ती वरून आलेल्या साहेबांच्या नजरेला पडली आणि मला लेखी ताकीद मिळाली. सबंध नोकरीतली तेवढी एकच.

ताकिदीचा कागद हातात देण्याआधी त्या साहेबांनी विचारलं होतं, "खोडण्यापूर्वी जागेवर जाऊन खात्री तरी केली होती का?"

"केली होती, साहेब," मी म्हणालो. "चार मैल चिखलातून, एका झाडासाठी."